पंखाला आतला पार्का

माझ्या मुलाने, क्लाइडने, समुद्रकाठची बायको करून आणली ते साल एकोणीसशे शहाण्णव. लग्न ऑगस्टच्या शेवटी झालं, कॅरिबू हरणांचे कळप खिंडीतून खाली उतरायच्या आधी. पुढचं सगळं त्याच हिवाळ्यात घडलं.

सून आली ती विमान घेऊनच आली. लुएला तिचं नाव. एका इंजिनाचं जुनं विमान, वडिलांकडून मिळालेलं. ते चालवायचा परवाना तिच्याकडे होता आणि दुरुस्तीचाही होता. क्लाइड तेलाच्या विहिरींवर कामाला, तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा, त्यामुळे घरात मी आणि ती. उत्तरेच्या डोंगरातल्या आमच्या कांगिक गावाची धावपट्टी राखायचं काम माझ्याकडे होतं. बर्फ लोटायचं, दिवे पुसायचे, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी फाटली तर शिवायची. तेव्हा सून आकाशात आणि सासरा तिच्या वाटेवर झाडू मारणारा, असं गावात लोक म्हणायचे. म्हणू देत.

माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, नेटीवहिनीला, ही सून पहिल्यांदा पसंत नव्हती. आम्ही डोंगरातले लोक कॅरिबूवर जगतो, ते लोक सीलवर आणि व्हेलवर.

"अंगाला सीलच्या तेलाचा वास येतो तिच्या," वहिनी म्हणायची. "आणि कातडं कमवता येत नाही. विमान काय, कुणीही चालवेल."

"तुम्ही चालवा की मग, काकू," लुएला म्हणायची. "मी मागे बसून हाडातली मज्जा चघळते."

"मज्जा चघळत नाहीत, चोखतात. एवढंही शिकवलं नाही आईनं."

डिसेंबरात माझा तोच भाऊ, एनॉक, रक्त थुंकायला लागला. बाहेर उणे चाळीस. टपालाच्या विमानवाल्यांनी नाही म्हटलं. लुएलाने मागची आसनं काढली, त्याला कातड्यांत गुंडाळून मागे निजवलं आणि फेअरबँक्स शहरातल्या इस्पितळात नेऊन पोचवलं. ती परत आली तेव्हा नेटीवहिनी धावपट्टीवर उभी होती. विमान बघून घरी गेली आणि शिवायला बसली.

महिनाअखेर तिने विमानाला पोशाख शिवून दिला. दोन्ही पंखांना, शेपटाला आणि इंजिनाला, कॅरिबूच्या कातड्याची झाकणं. जनावराच्या तातेच्या दोऱ्याने शिवलेली, शिवण अशी की पाणी आत जाणार नाही. केस आतल्या बाजूला. आम्ही थंडीत कातड्याचे दोन पार्के, टोपीचे डगले, घालतो, आतला केस आत करून, बाहेरचा केस बाहेर करून. वहिनीने विमानाला आतला पार्का घातला होता.

लुएलाने ती झाकणं हातात घेतली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. समुद्रकाठच्या पोरीला डोंगरातल्या बाईने हाताने शिवून काही दिलं, याचा अर्थ ती समजत होती. त्या दिवसापासून ती विमान उभं केलं की आधी झाकणं घालायची, मग स्वतःचे हात शेकायची. वहिनीच्या घराची खिडकी धावपट्टीकडे आहे. वहिनी रोज बघायची.

जानेवारीत पातींचं दुखणं सुरू झालं.

त्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या पाठीवर एकेक बारीक फट होती. दांडीवरचं बटण दाबलं की फटीतून हाताच्या पंजाएवढी, भोकं पाडलेली पाती उभी राहायची. लुएला त्यांना स्पीड ब्रेक म्हणायची, मी नुसतं पाती म्हणायचो. पाती उभी राहिली की वारा अडतो आणि विमान भराभर खाली येतं. सप्टेंबरात तिने मला बटण दाबून दाखवलं होतं, तेव्हा दोन्ही पाती खटकन उभ्या राहिल्या होत्या, खारीने मान वर काढावी तशा. आता उजवी म्हाताऱ्यासारखी उठायची आणि डावी अर्ध्यावर येऊन थांबायची.

"बॅटरी गारठली असेल," लुएला म्हणाली. तिने बॅटरी काढून घरात आणली, चुलीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी बसवली. पाती तशाच. इंजिन चालू करून पाहिलं, म्हणजे विजेची कमतरता नको. तरी तशाच.

मग तिने हीटरची कापडी नळी पंखाखाली आणि पंखावर धरली. थोड्या वेळाने बटण दाबलं. खट! दोन्ही उभ्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. चहा प्यायला घरी गेलो, परत येऊन बटण दाबलं, तर डावी पुन्हा अर्ध्यावर.

त्याच आठवड्यात तिला सामान आणायला फेअरबँक्सला जायचं होतं. तिथे ओळखीचा एक मिस्त्री होता, त्याच्या गरम शेडमध्ये तिने विमान रात्रभर ठेवलं. सकाळी त्याने पाती पन्नासदा वर-खाली केल्या.

"तो म्हणाला, यांना काहीच झालेलं नाही," ती परत आल्यावर सांगत होती. "फटीवरून फडकं फिरवलं, तेल घालू नको म्हणाला, झालं. आणि मामंजी, डोंगर ओलांडताना बटण दाबलं तर डावी हललीच नाही."

"उबेत बरी होते, थंडीत आजारी पडते. माझ्या गुडघ्यासारखं आहे."

"तुमच्या गुडघ्याला निदान तोंड आहे. दुखलं की सांगता तरी. दिवसभर सांगता."

तोवर ती खोडी नुसती खोडी होती. पातींशिवायही विमान उडत होतं. आभाळ मोकळं असेल त्या दिवशी ती नदीच्या खोऱ्यातून खालून खालून यायची.

फेब्रुवारीत एनॉकचा फोन आला. मी घेतला.

"सायलस," तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई चांगली आहे. खरं बोलते. आता औषधाचा उपयोग नाही म्हणाली. घरी न्यायला कुणी असेल तर जा म्हणाली."

"बरं."

"इथे खिडकी आहे, पण तिच्यातून गाड्या उभ्या दिसतात. मला गाड्या बघत मरायचं नाही. तुझ्या सुनेला विचार."

मला लिहिता-वाचता येतं ते एनॉकमुळे. मी पंचेचाळिशीला आलो होतो, तेव्हा त्याने काडतुसांच्या खोक्यांवरची आणि दुधाच्या डब्यांवरची अक्षरं दाखवून मला शिकवलं. एकदाही हसला नाही. मुलं हसली तर त्यांना बाहेर काढायचा. अशा माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

लुएलाने सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

"खोऱ्यात बर्फाचं धुकं बसलंय, मामंजी. खालून येता येणार नाही. ढगांच्या वरून डोंगर ओलांडायचा आणि गावावर आलं की डोंगरांच्या या वाटीत एकदम उतरायचं, एवढी एकच वाट आहे."

"मग उतर."

"एकदम उतरायचं तर इंजिनाचा जोर काढावा लागतो. एवढ्या थंडीत जोर काढला की तापलेलं इंजिन झटक्यात गार होतं आणि तडकतं. पाती चालत असतील तर जोर न काढता उतरता येतं. आणि एक उभी राहिली, दुसरी अडली, तर विमान एका अंगाला ओढ खातं. मी एकटी असते तर गेले असते. मागे काका निजलेले असताना नाही जाणार."

"पाती बऱ्या झाल्या तर?"

"तर उद्या जाईन."

नेटीवहिनीला कुणीतरी सांगितलंच. ती दारातूनच बोलायला लागली. "काय झालं? समुद्रावरच्या पोरीला डोंगराची भीती वाटायला लागली?"

"हो, वाटते," लुएला म्हणाली.

वहिनी बसली, हातावरचे जाड मिटन काढले, आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तो वाट बघतोय."

"माहीत आहे, वहिनी."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही धावपट्टीवर गेलो. मी हीटर ओढत नेऊ लागलो, तर लुएला म्हणाली, "तो राहू द्या. आपण प्रत्येक वेळी गरम करतो आणि मग बघतो. गरम केलं की ते बरं असल्याचं सोंग करतं. आज थंडीतच उघडू."

आम्ही पंखांवरची झाकणं काढली. ती आत बसली, मी डाव्या पंखाशी कान लावून उभा राहिलो. तिने बटण दाबलं. आत बारीक घरघर झाली, मग काहीतरी मऊ दाबल्यासारखा आवाज आला आणि पाती अडली.

"धातू अडल्याचा आवाज नाही हा," मी ओरडलो. "ओल्या मोज्यात पाय घालताना येतो तसा येतोय."

"काय?"

"मोजा! ओला मोजा!"

ती खाली उतरली. पातीवरच्या पत्र्याचे स्क्रू काढायला मिटन काढावे लागत होते. एक स्क्रू काढायचा, हात काखेत घालायचा, मग दुसरा. शेवटी तिने पातीची सगळी पेटीच पंखातून उचलून बाहेर काढली आणि आम्ही दोघं आत वाकलो.

पातीच्या दोन्ही बाजूंना पांढरट-करडा गोळा दाबून बसला होता. जुन्या ग्रीसमध्ये चिकटलेला, वरून हिमाने गोठलेला, लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट.

"उंदराचं घरटं," लुएला म्हणाली.

मी एक चिमूट ओढून काढली, तोंडाची वाफ दिली आणि बोटांत चोळली. केस मधे पोकळ, दाबला की मोडणारा. असा केस मी जन्मभर चहातून काढून टाकत आलो आहे.

"कॅरिबू," मी म्हणालो.

तिने चिमटीकडे पाहिलं, मग बर्फावर ठेवलेल्या झाकणांकडे. पंखाच्या पाठीवर, जिथे झाकण फटीवर घासायचं तिथे, केसांची बारीक रेघ उमटली होती. गरम शेडमध्ये हिम वितळलं, पाणी केस घेऊन आणखी आत गेलं आणि डोंगरावर पुन्हा गोठलं. मिस्त्र्याला काही दिसलं नाही यात नवल नव्हतं.

"नोव्हेंबरातलं कातडं आहे," मी म्हणालो. ऑगस्टातलं कातडं अंगावर घालायला, केस कमी झडतात. नोव्हेंबरातलं जाड, ते अंथरायला. वहिनीला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण तिला विमानाला ऊब द्यायची होती, म्हणून घरातली सगळ्यात जाड कातडी तिने कापली होती.

"सीलच्या कातड्याचं असं होत नाही," लुएला म्हणाली, आणि लगेच हाताने तोंड झाकलं. "हे काकूंना सांगू नका."

"ते सांगायचं नाही, पण बाकीचं सांगावं लागेल."

"कशाला? मी साफ करते, जाते, घेऊन येते. झाकणं शेडमध्ये ठेवते."

"ती खिडकीतून बघते, पोरी. उघडं विमान दिसलं की विचारील. आणि मग तिला वाटेल की तू तिचं दिलेलं टाकलंस."

आमच्यात दिलेल्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. बूट चावला तरी घालून हिंडायचं. लुएलाच्या माणसांतही तेच आहे. ती बर्फावर उकिडवी बसली, तो गोळा मिटनमध्ये घेऊन.

तिने दोन्ही पेट्या घरी आणल्या, टेबलावर उघडल्या, केस वेचून काढले, ग्रीस पुसून पुसून काढलं.

"बंदुकीचा खटकाही आपण हिवाळ्यात कोरडाच ठेवतो," मी म्हणालो.

"माहीत आहे, मामंजी. माझे आजोबाही बंदूकच चालवायचे. केळं नव्हे."

केळं हा शब्द तिने कुठून काढला देव जाणे. इथे केळं वर्षातून एकदा येतं आणि काळं पडून येतं. पण मला हसू आलं आणि तिलाही, आणि मग ती उठली, तो गोळा पुन्हा मिटनमध्ये ठेवला आणि वहिनीकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

वहिनी कातडं खरवडत बसली होती. लुएलाने गोळा तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"विमानाच्या पंखातून निघालं, काकू. यानेच पाती अडत होती."

वहिनीने उचललं, बोटांनी पिंजलं, नाकाशी नेलं. "हे माझं कातडं आहे."

"उंदराने नेलं असेल," लुएला घाईने म्हणाली.

"उंदीर विमानाच्या फटीत केस भरत बसला? खोटं बोलायचं असेल तर माहेरी जाऊन नीट शिकून ये."

वहिनी हातातल्या केसांकडे बघत राहिली. तिची हनुवटी हलायला लागली. त्या बाईला मी दोन मुलं पुरताना पाहिलं आहे, तेव्हाही असं झालं नव्हतं.

"म्हणजे तो माझ्यामुळे तिथे पडून आहे," ती म्हणाली.

"नाही," लुएला म्हणाली. ती जमिनीवर वहिनीच्या समोर बसली. "ऐका, काकू. इंजिनावरचं झाकणही तुम्हीच शिवलंत ना? ते घातल्यापासून विमान एकाही सकाळी रुसलं नाही. माझ्या वडिलांच्या हाताखाली ते निम्मे दिवस सुरूच व्हायचं नाही. इंजिन उडून आलं की तापलेलं असतं, तुमचं कातडं ती ऊब धरून ठेवतं. पंखाला ऊबच नसते. तो नुसता पत्रा. त्याला काय धरून ठेवणार?"

वहिनीने डोळे पुसले. "पंखाला ऊब नसते?"

"नसते."

"रक्त नाही त्यात?"

"इंधन असतं. तेही गार."

वहिनीला हसू फुटलं. "आणि मी त्याला आतला पार्का घातला. मेलेल्या माणसाला मोजे घालावेत तसं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बघत होतात ना, भाऊजी, एवढे दिवस? धावपट्टीचे राजे! तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं विमानाला आवडतं."

"याला वाटलं!" ती लुएलाला म्हणाली, आणि त्या दोघी माझ्यावर हसल्या. मला बरं वाटलं.

मग वहिनी उठली, मागच्या खोलीत गेली आणि एनॉकचा शिकारीचा तंबू ओढत घेऊन आली. जाड पांढरं कापड, धुराने पिवळं पडलेलं. तिने तो जमिनीवर पसरला, आपली अर्धचंद्री सुरी काढली.

"वहिनी, तो त्याचा तंबू आहे," मी म्हणालो.

"आता तो तंबूत जायचा नाही, भाऊजी," ती म्हणाली आणि मधोमध कापला. "माप सांग गं. आणि या वेळी कुठे फट आहे तेही सांग."

लुएलाने माप सांगितलं. वहिनी कापत होती, लुएला धरत होती. मी चूल पेटती ठेवली. संध्याकाळपर्यंत पंखांना केस नसलेली झाकणं झाली. कातड्याचं एकच ठेवलं, इंजिनावरचं.

दुसऱ्या दिवशी लुएलाने पाती बसवल्या आणि रात्रभर विमान बाहेरच ठेवलं, मुद्दाम. सकाळी हीटर इंजिनालाच लावला, पंखाला नाही. बटण दाबलं. दोन्ही पाती खटकन उभ्या. तिने त्या आत घेतल्या, पुन्हा उभ्या केल्या, पुन्हा. मग गावावर दोन फेऱ्या मारून वर थंडीत करून पाहिलं, उतरली, आणि म्हणाली, "निघते."

वहिनीने तिला सुक्या मांसाची पिशवी दिली. "त्याला खायला घाल. नाही खाल्लं तर तू खा. आणि..." एवढं म्हणून तिच्या पार्क्याची टोपी नीट केली, लहान मुलीची करतात तशी.

दुपारी ढग डोंगरांना टेकले होते. अख्खं गाव धावपट्टीवर आलं होतं, मुलं, कुत्री, सगळे. विमान दिसत नव्हतं, ढगांच्या वरून आवाज येत होता. मी ऐकत होतो. विमान उतरायला लागलं की इंजिनाचा आवाज पडतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आवाज पडला नाही. तसाच भरदार राहिला आणि तरी जवळ येत गेला. मला कळलं की पाती उभ्या आहेत, दोन्ही. मग ढगाच्या फटीतून विमान खाली आलं, सरळ, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आणि मी झाडलेल्या पट्टीवर टेकलं.

मागचं दार उघडलं. एनॉक कातड्यांत गुंडाळलेला. तोंड लहान झालं होतं. त्याने आधी डोंगर पाहिले, मग मला.

"पट्टी बरी झाडलीस," तो म्हणाला. "मधे एक उंचवटा राहिलाय."

"पाठीला लागला का?"

"लागला. म्हणून तर कळलं घरी आलो."

वहिनी आत चढली आणि त्याच्या कपाळाला नाक लावलं. मग तिची नजर लुएलाकडे गेली. लुएला पुढच्या आसनावर बसून रडत होती, हात अजून दांडीवरच.

"रड नंतर," वहिनी तिला म्हणाली. "आधी झाकणं घाल. तुझं इंजिन गार होतंय."

एनॉक घरी मज्जा चोखून खाऊ शकत नव्हता, म्हणून लुएला ती कोमट करून चमच्याने भरवायची. नेटीवहिनी तिला तसं करू द्यायची. माझ्याशी तो रोज थोडं बोलायचा. मी त्याला डब्यांवरचं वाचून दाखवायचो, कारण त्याला ते ऐकून हसू यायचं. खिडकीतून त्याला डोंगर दिसायचे आणि हिवाळाभर दडून परतलेलं ऊन. गावातलं कुणी ना कुणी रोज येऊन बसायचं. मी रोज देवाचे आभार मानायचो आणि सुनेचे, आणि सुनेचे मानताना मला अधिक सोपं जायचं, कारण ती समोर असायची.

एनॉक नऊ मार्च एकोणीसशे सत्त्याण्णव रोजी, रविवारी सकाळी, आपल्या घरी वारला. नेटीवहिनी त्यानंतर सात वर्षांनी, दोन हजार चार सालच्या ऑगस्टात गेली.